विंचूदंश, आघातस्मृती आणि औषधाची सुरक्षितता
(डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या शोधनिबंधांचा ऐतिहासिक विचार)

१. विषयप्रवेश

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव आज मुळा सहकारी साखर कारखान्यामुळे व भोवतालच्या ऊसशेतीमुळे ओळखले जाते. अशा गावच्या शेतकऱ्यास वा मजुरास विंचू ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. बांधावरचे दगड, सरपणाचा ढीग, घराच्या भिंतीतील फटी, दाराबाहेर काढून ठेवलेली पायताणे ही त्याची नित्याची आश्रयस्थाने होत. विंचवाचा हा परिचय मराठी वाङ्मयातही जुना आहे. नेवासे ज्या गोदावरीच्या खोऱ्यात वसले आहे, त्याच खोऱ्यातील पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) आपल्या प्रसिद्ध भारुडात कामक्रोधांच्या दंशासाठी विंचवाचेच रूपक योजिले, आणि त्या दंशाने अंगास घाम सुटतो याचाही उल्लेख केला. रूपक अध्यात्माचे असले तरी त्यामागील निरीक्षण लौकिक अनुभवाचे आहे. श्रोत्यांनी ते पाहिले नसते तर रूपक त्यांच्या मनात उतरलेच नसते.

परंतु या लौकिक अनुभवाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की साधनांचा प्रश्न उभा राहतो. दंश झाला, रात्रभर तळमळ झाली, मांत्रिकास बोलावणे गेले, पहाटेस मूल दगावले, एवढे घरच्यांच्या आठवणीत राहते. ती आठवण एका पिढीत अंधुक होते व दुसऱ्या पिढीत नाहीशी होते. घामानंतर काय झाले, हातपाय केव्हा गार पडले, धाप केव्हा लागली, कोणते औषध दिले व त्यानंतर प्रकृतीत काय फरक पडला, हे आठवणीत टिकत नाही. ते टिकते केवळ नोंदीत. म्हणून या विषयाचा इतिहास सोनईच्या वा तत्सम शेकडो गावांच्या दंशांचा न राहता, ज्या ठिकाणी दंशांची सलग नोंद झाली व ती छापली गेली, त्या ठिकाणाचा होतो. महाराष्ट्रात असे ठिकाण म्हणून रायगड जिल्ह्यातील महाडचे नाव प्रथम घ्यावे लागते; आणि ही नोंद ज्यांनी केली ते वैद्य म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर होत.

प्रस्तुत निबंधात बावस्कर यांच्या विंचूदंशविषयक लेखनाचा विचार तीन अंगांनी केला आहे. तातडीच्या उपचारात त्या लेखनाने काय बदलले, हे पहिले अंग. औषधाच्या सुरक्षिततेसंबंधी त्यातून काय शिकावयास मिळते, हे दुसरे. आणि वैयक्तिक आठवणीचे शास्त्रीय स्मृतीत रूपांतर कसे होते, हे तिसरे. ही तीन अंगे परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. पूर्वस्थिती

महाराष्ट्रात आढळणाऱ्या विंचवांपैकी आकाराने मोठी व दिसण्यास भयंकर असलेली काळी इंगळी सहसा प्राणघातक ठरत नाही. प्राणघातक ठरतो तो तुलनेने लहान असा तांबडा विंचू. शास्त्रीय ग्रंथांत त्यास दीर्घकाळ मेसोबुथस टॅम्युलस असे म्हटले जात असे. अलीकडील वर्गीकरणात तो हॉटेन्टोटा टॅम्युलस या नावाने ओळखला जातो. कोकणपट्टी व पश्चिम महाराष्ट्र यांखेरीज कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू व सौराष्ट्र या प्रदेशांतूनही त्याच्या दंशाचे वृत्तांत आलेले आहेत.

या दंशाने मृत्यू नेमका कसा येतो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरता उलगडलेला नव्हता. १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतात याकडे लक्ष वेधले. १९७० च्या सुमारास इस्रायलमधील गेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विंचवांच्या दंशात हृदय व रक्ताभिसरण यांवर होणाऱ्या परिणामांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे मृत्यूचे कारण मज्जासंस्थेच्या केवळ वेदनेत नसून हृदयावर पडणाऱ्या असह्य भारात आहे, ही कल्पना जगाच्या दोन टोकांना उदय पावत होती. परंतु कल्पना उदय पावणे आणि ती खेड्यातील रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर असते.

प्रत्यक्ष उपचारांची स्थिती विस्कळीत होती. अट्रोपीन, स्टिरॉइड, अँटिहिस्टामीन, डिजॉक्सिन, तसेच पेथिडीन, प्रोमेथाझीन व क्लोरप्रोमाझीन यांचे मिश्रण अशी नाना औषधे दिली जात. त्या प्रत्येकामागे काही ना काही तर्क होता. घाम व लाळ सुटते म्हणून अट्रोपीन, विषाची ‘ॲलर्जी’ समजून स्टिरॉइड व अँटिहिस्टामीन, हृदय थकले म्हणून डिजॉक्सिन, रुग्ण तळमळतो म्हणून गुंगी आणणारे मिश्रण. पण तर्क लक्षणांचा होता, लक्षणांमागील विकृतीचा नव्हता. आधीच उधाणलेल्या हृदयास अट्रोपीनने अधिक वेग येतो व रक्तदाब चढण्यास हातभार लागतो. गुंगीच्या मिश्रणाने श्वसन मंदावते. जो रुग्ण विषाने दगावला असे मानले जाई, त्याच्या मृत्यूत औषधाचा वाटा किती, हे ठरविण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता; कारण कोणत्या घटकेस काय दिले व त्यानंतर काय घडले, याची सलग नोंद क्वचितच होई. औषधाच्या सुरक्षिततेचा प्रश्न येथे प्रथम उद्भवतो. औषध विषारी नसूनही चुकीच्या विकृतीस दिल्यास घातक ठरते, हा त्याचा सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार आहे.

३. बिरवाडी : निरीक्षणापासून नोंदीपर्यंत

हिंमतराव साळुबा बावस्कर यांचा जन्म १९५१ साली आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. हा जिल्हा त्या वेळी कुलाबा या नावाने ओळखला जाई. १ जानेवारी १९८१ पासून त्यास रायगड हे नाव मिळाले. प्राथमिक आरोग्य केंद्र हे मुख्यत: लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप यांसारख्या कार्यक्रमांसाठी योजिलेले. तेथे ना हृदयालेखाची सोय, ना प्रयोगशाळा, ना संदर्भग्रंथालय. संशोधनास प्रतिकूल अशी ही जागा एका बाबतीत मात्र अनुकूल होती. शहरातील रुग्णालयात जो रुग्ण दंशानंतर अनेक तासांनी, बहुधा अखेरच्या अवस्थेत येई, तो येथे लवकर येई. रोगाचा आरंभ पाहावयास मिळणे हा खेड्यातील वैद्याचा लाभ आहे, आणि बावस्कर यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला.

१९७७ साली ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये विंचूदंश व हृदयविषयक उपद्रव यांवरील त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा जो निबंध आला, तो या विषयाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. त्याचा विषय वरवर पाहता साधा आहे. हृदय निकामी होण्यापूर्वी रुग्णाच्या शरीरावर कोणती पूर्वचिन्हे दिसतात? वांत्या, सर्वांगास दरदरून सुटणारा घाम, पुरुष रुग्णांत लिंगाचा ताठरपणा आणि हातापायांचा गारठा. ही चिन्हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. पाहणारा डोळा, स्पर्श करणारा हात आणि रात्रभर खाटेपाशी बसण्याची तयारी एवढेच लागते.

या निबंधाचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. एक म्हणजे त्याने रुग्णांची विभागणी शक्य केली. ज्यास केवळ दंशस्थानी तीव्र वेदना आहेत तो रुग्ण कितीही आक्रोश करीत असला तरी सामान्यत: धोक्याबाहेर असतो, उलट ज्याची वेदना बेताची, पण अंग घामाने निथळत आहे व हातपाय गार पडत आहेत, तो धोक्यात असतो. तातडीच्या उपचारात, म्हणजे अपघात व आघात यांच्या शुश्रूषेत, रुग्णाच्या ओरडण्यावरून नव्हे तर शरीराच्या चिन्हांवरून क्रम लावावयाचा, हे जे तत्त्व आज सर्वमान्य आहे, त्याचे हे एक ग्रामीण उदाहरण होय. दुसरे म्हणजे, घामाचे जे निरीक्षण चारशे वर्षे लोकस्मृतीत व काव्यात होते, त्यास या निबंधात काळ, क्रम व अर्थ प्राप्त झाला. घाम हे केवळ व्यथेचे वर्णन न राहता येणाऱ्या संकटाची सूचना ठरले.

४. औषधाची निवड

पूर्वचिन्हांवरून संकट ओळखता येऊ लागले, तरी ते टाळावयाचे कसे, हा प्रश्न शिल्लकच होता. त्यासाठी विकृतीचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंवरील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. परिणामी स्वायत्त मज्जासंस्थेत जणू वादळ उठते. आरंभी वांत्या, लाळ व घाम यांचा अंमल असतो; त्यापाठोपाठ ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन यांचा पूर रक्तात लोटतो. सर्व शरीरातील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि अरुंद झालेल्या वाटांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग ते रक्त फुप्फुसांत तुंबते व रुग्ण फेसाळ गुलाबी थुंकी टाकीत गुदमरतो.

विकृती अशी असेल तर उपचाराचे सूत्र आपोआप पुढे येते. आकुंचन पावलेल्या वाहिन्या सैल करावयाच्या, म्हणजे हृदयावरील भार उतरेल. बावस्कर यांनी या सूत्रानुसार वाहिन्या रुंदावणारी औषधे उपयोगात आणली. त्यांपैकी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे प्रभावी खरे, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, प्रकाशापासून जपावे लागते, आणि त्या काळात रक्तदाबावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागते. जेथे परिचारिकाही रात्री एकटी असते, अशा ठिकाणी ते सार्वत्रिक होणे शक्य नव्हते. प्राझोसिन हे मात्र तोंडाने घ्यावयाचे, स्वस्त, गोळीच्या रूपातील औषध. ते रक्तवाहिन्यांवरील आल्फा ग्राहकांना अटकाव करते, म्हणजे विषाने ज्या ठिकाणी घाव घातला जातो नेमक्या त्याच ठिकाणी ते काम करते. १९८४ पासून त्याचा वापर सुरू झाला व १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयीचे निवेदन प्रसिद्ध झाले. या व यापुढील लेखनात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे नाव सहलेखिका म्हणून येते.

प्राझोसिन हे विंचूदंशासाठी निर्माण झालेले औषध नव्हे. १९७० नंतरच्या दशकात ते वाढलेल्या रक्तदाबावरील औषध म्हणून प्रचारात आले. त्याचा एक दोष लवकरच ध्यानात आला होता. पहिली मात्रा घेतल्यावर काही रुग्ण उभे राहताच भोवळ येऊन कोसळतात. १९७६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या ‘पहिल्या मात्रेच्या परिणामा’चे वर्णन प्रसिद्ध झाले. अशा औषधाचा प्रयोग मरणोन्मुख बालकावर करावयाचा, तोही जेथे चूक सावरण्याची साधने नाहीत अशा जागी, यातील जोखीम उघड आहे. म्हणून बावस्कर यांच्या लेखनात औषधाच्या गुणांइतकेच त्याच्या वापराच्या शिस्तीला स्थान आहे. मुलांसाठी वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम ही मात्रा. दर तीन तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत ती पुन्हा देणे. रुग्णास निजवूनच ठेवणे, मुलास उचलून उभे न धरणे. वांत्या व घाम यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले असल्यास ते भरून काढणे. आणि रक्तदाब, नाडी व श्वसन यांची वारंवार नोंद ठेवणे. ही शिस्त पाळली नाही तर तारक औषध मारक होऊ शकते.

औषधाच्या सुरक्षिततेचा विचार येथे दुसऱ्या पायरीवर येतो. अट्रोपीनच्या बाबतीत प्रश्न होता तो औषध योग्य विकृतीस दिले जाते की नाही, हा. प्राझोसिनच्या बाबतीत औषध योग्य असूनही मात्रा, वेळ, रुग्णाची स्थिती आणि गोळीचा प्रकार यांवर सुरक्षितता अवलंबून राहते. पुढे बाजारात याच औषधाच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आल्या. त्या रक्तदाबाच्या रुग्णास सोयीच्या असल्या तरी दंशाच्या प्रसंगी, जेथे परिणाम लवकर हवा व मात्रा मोजून हवी, तेथे त्या निरुपयोगी होत. आणि त्या तोडून दिल्यास मात्रेचा अंदाजच चुकतो. गोळीच्या वेष्टनावरील नाव तेच, पण गुण वेगळा, हा घोटाळा औषधांच्या दुकानात व दवाखान्यात सदैव संभवतो.

५. मृत्युप्रमाण आणि त्याचा अर्थ

बावस्कर यांनी आपल्या अनेक निबंधांत दोन कालखंडांची तुलना केली आहे. प्राझोसिनपूर्व काळात, म्हणजे १९६१ ते १९८३ या अवधीत, पश्चिम भारतातील वृत्तांतांनुसार गंभीर विंचूदंशात फुप्फुसांत पाणी साचून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा २५ ते ३० होते. प्राझोसिनच्या वापरानंतर, म्हणजे १९८४ पासून पुढे, ते शेकडा १ पेक्षाही खाली आले. हे आकडे प्रभावी आहेत आणि त्यांमुळेच या उपचारास देशात व परदेशांत मान्यता मिळाली.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबणे उचित होय. आधीचा काळ व नंतरचा काळ यांच्या तुलनेत बदललेली गोष्ट केवळ औषध ही नसते. त्याच वर्षांत रस्ते सुधारले, वाहने वाढली, रुग्ण लवकर येऊ लागले. पूर्वचिन्हे ठाऊक झाल्याने सौम्य रुग्णही दाखल होऊ लागले असतील, आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण आपोआप कमी दिसू शकते. घातक ठरणारी जुनी औषधे बंद झाली, हाही बदल लहान नव्हे. म्हणून संपूर्ण घट एकट्या प्राझोसिनच्या खाती जमा करणे शास्त्रीय दृष्ट्या सैल ठरेल. मात्र ही शंका उपस्थित करताना हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, जेथे औषध न दिल्यास रुग्ण मरण्याचा संभव दिसतो, तेथे तुलनेसाठी काही रुग्णांस औषधावाचून ठेवणे नीतीला धरून झाले नसते. पुराव्याची ही मर्यादा लेखकाच्या आळसातून नव्हे, तर परिस्थितीच्या नैतिक बंधनातून आलेली आहे. १९९४ साली ‘टॉक्सिकॉन’मध्ये व १९९६ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निबंध रुग्णमालिकांच्या स्वरूपाचे आहेत, ते याच कारणाने.

६. प्रतिविषाचा वाद आणि मतपरिवर्तन

विष आहे तर प्रतिविष का नको, हा प्रश्न स्वाभाविकच होता. घोड्याच्या रक्तरसापासून तयार होणारे विंचवाचे प्रतिविष अनेक देशांत वापरात होते. परंतु त्याच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत एकमत नव्हते. १९९९ साली ट्यूनीशियातील अब्रूग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२५ रुग्णांच्या चाचणीचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. दंश झालेल्या सर्वच रुग्णांना सरसकट प्रतिविष देण्याने लाभ होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. उलट २००९ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथे गंभीर लक्षणे असलेल्या केवळ १५ मुलांवर झालेल्या चाचणीत प्रतिविषाचा स्पष्ट लाभ दिसून आला. हा विरोध वरवरचा आहे. एका चाचणीत सौम्य व गंभीर असे सर्व रुग्ण होते, दुसरीत केवळ गंभीर. विंचवांच्या जातीही भिन्न होत्या. कोणास द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे व कोणत्या जातीच्या विषावरील प्रतिविष द्यावयाचे, यांवर उत्तर अवलंबून असते.

बावस्कर दांपत्याने २००७ साली भारतीय वैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात प्रतिविष व प्राझोसिन यांची तुलना मांडली. त्या निबंधाचा कल प्राझोसिनच्या बाजूने होता. ते स्वस्त, सहज मिळणारे, तत्काळ गुणकारी आणि रक्तरसाच्या तीव्र प्रतिक्रियेच्या भयापासून मुक्त, अशी त्याची भलामण तेथे आढळते. ज्या औषधाशी आपले नाव वीस वर्षे जोडले गेले, त्याची बाजू घेणे हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. म्हणूनच त्यानंतरची घटना अधिक लक्षणीय ठरते.

२०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी महाड येथील एका चाचणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्वायत्त मज्जासंस्थेच्या वादळाची चिन्हे असलेल्या, पण हृदय व फुप्फुसे अद्याप निकामी न झालेल्या ७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. ३५ जणांना प्राझोसिन व प्रतिविष अशी दोन्ही औषधे, तर ३५ जणांना केवळ प्राझोसिन. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेल्यांची संख्या पहिल्या गटात ३२, तर दुसऱ्या गटात ८ होती. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास. ज्यांची प्रकृती दाखल झाल्यानंतर आणखी बिघडली अशांची संख्या मात्र जवळजवळ सारखी होती, पहिल्या गटात चार व दुसऱ्यात पाच.

या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. प्रतिविष जोडल्याने रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यातून निष्पन्न होते; पण प्रकृती ढासळण्यापासून ते बचाव करते, असे म्हणता येत नाही. शिवाय कोणास काय दिले हे वैद्य व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, आणि रुग्णसंख्या मर्यादित होती. तरीही या निबंधाचे ऐतिहासिक मूल्य निर्विवाद आहे. ज्याच्या नावाशी प्राझोसिन जोडले गेले, त्याच संशोधकाने ते एकटे पुरेसे नाही, असा पुरावा स्वत: गोळा केला आणि जगापुढे ठेवला. १९८६ चा निबंध औषध शोधण्याचे धैर्य दाखवितो. २०११ चा निबंध आपल्या मतावर कसोटी लावण्याचे धैर्य दाखवितो. औषधाच्या सुरक्षिततेचे अंतिम रक्षण या दुसऱ्या धैर्याने होते.

७. स्मृतीचे दोन प्रकार

याच औषधाचा एक वेगळा इतिहास अमेरिकेत घडत होता, आणि तो प्रस्तुत विषयाशी अनपेक्षितपणे जोडला जातो. विंचूदंशात नॉरॲड्रिनॅलिनचा पूर रक्तवाहिन्यांवर आदळतो. भीषण प्रसंगातून वाचलेल्या मनुष्याच्या मेंदूतही हेच द्रव्य स्मृती खोलवर कोरण्याचे काम करते. १९९४ साली काहिल, मॅकगॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, ॲड्रिनॅलिनच्या बीटा ग्राहकांस अटकाव करणारे औषध आधी दिल्यास भावनोत्कट कथेची एरवी अधिक ठळक राहणारी आठवण तितकी ठळक राहत नाही. आघातानंतर वर्षानुवर्षे तेच दृश्य स्वप्नात येऊन दचकून जागे होणे, हे आघातोत्तर तणावविकृतीचे प्रमुख लक्षण होय. महाराष्ट्रास ही विकृती अपरिचित नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांच्या मानसिक अवस्थेचा अभ्यास होऊन तो १९९६ साली अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

मेंदूतील आल्फा ग्राहकांस अटकाव केल्यास ही स्वप्ने शमतील, या तर्काने रॅस्किंड व सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांना प्राझोसिन दिले. २००३ साली १० रुग्णांवरील व २०१३ साली ६७ सैनिकांवरील चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक होते. परंतु २०१८ साली त्याच संशोधकाच्या नेतृत्वाखाली ३०४ माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत प्राझोसिन व निष्क्रिय गोळी यांत फरक आढळला नाही. निवडलेले रुग्ण तुलनेने स्थिर प्रकृतीचे होते, हे त्याचे एक कारण असू शकेल, असे स्पष्टीकरण पुढे आले. वाद मिटलेला नाही. महाड व अमेरिका यांचे प्रश्न भिन्न, मात्रा भिन्न, रुग्णही भिन्न. एका ठिकाणी वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅमची मात्रा काही तासांपुरती, तर दुसऱ्या ठिकाणी क्रमाक्रमाने अनेक मिलिग्रॅमपर्यंत वाढवीत नेलेली मात्रा काही महिन्यांसाठी. परंतु दोन्ही ठिकाणी धडा एकच मिळतो. लहान मालिकेतून उपजलेली आशा मोठ्या वा अधिक कठोर चाचणीपुढे उभी करावी लागते, आणि ती उभी करणारा पहिला मनुष्य मूळ संशोधकच असावा.

स्मृतीचा दुसरा प्रकार संशोधकाच्या स्वत:च्या स्मृतीचा आहे. बावस्कर यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आहे. आत्मचरित्र व शोधनिबंध ही एकाच आयुष्याची दोन भिन्न साधने होत. आत्मचरित्रात मनुष्य आपल्या भावनांसह येतो. दारिद्र्य, अपमान, जिद्द यांना तेथे स्थान असते. शोधनिबंधात मनुष्य मागे सरतो व रुग्णाचे वय, दंशाची वेळ, नाडीचे ठोके, मात्रा व परिणाम पुढे येतात. पहिल्या साधनावाचून दुसऱ्यामागील प्रेरणा कळत नाही. दुसऱ्यावाचून पहिल्यातील दाव्याची परीक्षा होत नाही. इतिहासलेखकास दोन्हींची गरज असते, परंतु दोन्हींचे वजन सारखे धरता येत नाही. स्मृती जे ठळक तेच राखते. एक वाचलेले मूल शंभर नोंदींपेक्षा मनात मोठे होऊन बसते. नोंद मात्र वाचलेल्यास व दगावलेल्यास एकाच रकान्यात बसविते.

८. उपसंहार

२०२२ साली भारत सरकारने बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरविले. गौरवाच्या प्रसंगी औषधाचे नाव पुढे येणे साहजिक आहे. परंतु वरील विवेचनावरून दिसून येईल की, त्यांच्या कार्याचा गाभा केवळ औषधात नाही. प्राझोसिन त्यांनी निर्माण केले नव्हते, आणि ते एकटे पुरेसे नाही हेही त्यांनीच दाखविले. गाभा आहे तो साधनहीन जागेत नोंद ठेवण्यात, ती नोंद जगाच्या परीक्षेसाठी छापण्यात, आणि परीक्षेत आपले पूर्वमत अपुरे ठरले तर तेही छापण्यात.

यावरून ग्रामीण आरोग्याच्या इतिहासासंबंधी एक अनुमान काढता येते. त्याच जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरमध्ये, जामखेड येथे १९७० साली रजनीकांत व मेबल आरोळे यांनी खेड्यातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविण्याचा प्रयोग आरंभिला होता. तो मार्ग माणसे घडविण्याचा होता. महाडचा मार्ग नोंदी घडविण्याचा. दोन्ही मार्गांची गरज आहे, कारण प्रशिक्षित हातांवाचून मात्रा पोहोचत नाही, आणि नोंदीवाचून ती मात्रा योग्य होती की नाही हे कधीच कळत नाही.

सोनईच्या एखाद्या वस्तीवर आज रात्री मुलास विंचू चावला, तर त्याचा घाम, त्याचे गार पडलेले हातपाय, यांचा अर्थ आज सांगता येतो. तो अर्थ बिरवाडी व महाड येथे रात्री जागून लिहिलेल्या कागदांतून आलेला आहे. ज्या मुलांच्या दंशाची वेळ, मात्रा व अखेर कोणी लिहून ठेवली नाही, ती केवळ आपल्या घरच्यांच्या आठवणीत राहिली, आणि त्यांच्यापासून पुढच्या मुलास काहीच मिळाले नाही. दवाखान्याच्या नोंदवहीतील रिकामा रकाना म्हणूनच केवळ कारकुनी उणीव ठरत नाही. तो इतिहासातील हानी असतो, आणि पुढील रुग्णाच्या दृष्टीने उपचारातीलही.